खाऱ्या पाण्याची टाकी ३ फुटांवरून ४ फुटांवर न्यायची आहे – कुणी केलंय का?

खारेपाणी, ठाणे | १२ एप्रिल
मंडळी, माशांचे धागे इथे बरेच आहेत, पण सगळे गोड्या पाण्याचे. म्हणून हा वेगळा.

चार वर्षांपासून हॉलमध्ये ३ x १.५ x १.५ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण १९० लिटर. आत क्लाउन माशांची जोडी, एक पिवळा वॉचमन गोबी मासा, त्याच्या बिळात राहणारा पिस्टल श्रिंप (चिमटा वाजवणारी कोळंबी), आणि मऊ कोरल म्हणजे पोवळी: थोडे झोआ, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर. हे लेदर आणलं तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याएवढं होतं. आता त्याची टोपी जेवणाच्या ताटाएवढी झालीय आणि तिच्या सावलीतले झोआ उजेडासाठी माना लांब करून बसलेत.

काचवाला ४ x २ x २ ची टाकी १२ मिमी काचेत करून देतो म्हणतोय. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. स्लॅब पेलेल का, हा पहिला प्रश्न. जुन्या टाकीतलं सगळं एका दिवसात हलवता येईल का, हा दुसरा. आणि नवीन टाकी पुन्हा महिनाभर सायकल करावी लागेल का (म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू वाढेपर्यंत थांबणं), हा तिसरा. पुढेमागे हॅमर किंवा टॉर्च कोरल ठेवायचाही विचार आहे.

आई म्हणते, "आधी माशांना वन बीएचके झालं, आता टू बीएचके. आम्ही मात्र आहोत तिथेच."

बोंबील_फ्राय
४५० लिटरमध्ये किती सुरमया बसतील एवढंच सांगा, मग सविस्तर मत देतो.

स्लॅबवाले_काका
बोंबीलराव, जरा थांबा. आधी वजन.

४ x २ x २ म्हणजे १६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ४५३ लिटर. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं. वरची जागा आणि खडक सोडले तरी पाण्याचेच सव्वाचारशे किलो धरा. १२ मिमी काच ३२ चौरस फूट लागेल, तिचे ९० किलो. खडक, वाळू, स्टँड, खालचा संप पाण्यासकट. सगळं मिळून ७५० च्या आसपास.

आता दुसरी बाजू. राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २०० किलो चल भार (माणसं, सामान वगैरे) धरतात. तुमच्या टाकीखालची जागा पाऊण चौरस मीटर. म्हणजे तिथे चौरस मीटरला हजार किलो, पाचपट. आकडा ऐकून घाबरू नका, कारण तो भार अख्ख्या खोलीवर धरलेला असतो आणि १० x १२ च्या खोलीचा हिशेब सव्वादोन हजार किलोपर्यंत जातो. पण गाफीलही राहू नका, कारण तुमचं वजन एकाच जागी बसणार आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणार. पाहुणे निदान उठून जातात.

टाकी भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, शक्यतो कॉलमजवळ ठेवा. खोलीच्या मध्ये नको. बाल्कनीत तर मुळीच नको, ती बहुतेक वेळा नुसती बाहेर काढलेली असते. इमारतीचे आरसीसी नकाशे मिळवून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला जागा दाखवा. इथे धाग्यावर स्लॅब पास होत नसतो, माझ्याकडूनही नाही.

पिंट्या_पुणे
"खालचा संप" म्हणजे? कामगारांचा का?

खारेपाणी
हाहा. टाकीखालची छोटी टाकी हो. स्किमर (फेसातून मैला काढणारं यंत्र), हीटर, सगळा पसारा त्यात. काका, मनापासून आभार. नकाशे सोसायटीच्या ऑफिसात आहेत म्हणतात, चावी मात्र ज्यांच्याकडे आहे ते गावी गेलेत.

ह्यूस्टनची_माई
आमचं घर जमिनीवर, त्यामुळे स्लॅबची काळजी नव्हती. बाकी सगळ्या चुका मी तब्येतीत केल्या आहेत. ७५ गॅलनवरून १८० वर गेले.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते खडकांवर आणि पृष्ठभागांवर असतात. तेच खडक ओले ठेवून नव्या टाकीत नेले तर महिनाभराची सायकल करावी लागत नाही. दोनतीन आठवडे अमोनिया मोजत राहायचं आणि नवीन मासा आणायचा नाही, एवढंच.

मी घोळ घातला तो वाळूत. पाच वर्षांची वाळू, "जिवंत आहे, टाकून कशी देऊ" म्हणत फावड्याने उचलून तशीच नव्या टाकीत ओतली. खालच्या काळ्या थराला सडलेल्या अंड्यांचा वास येत होता, तरी शहाणपण सुचलं नाही. जाड थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि कुजलेला मैला साठतो. ढवळला की सगळा पाण्यात. दुसऱ्या दिवशी अमोनिया चढलेला आणि दोन मासे गेलेले. तेव्हा वाळू नवी घ्या. जुनी ठेवायचीच असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ती मग जिवंत राहत नाही, पण निदान मारत तरी नाही.

टीडीएस_शून्य
पाण्याचं कुणी बोललं नाही अजून. तुम्हाला एका दिवसात निदान ३०० लिटर नवीन खारं पाणी लागेल. लिटरला ३६ ग्रॅमच्या हिशेबाने अकरा किलोच्या आसपास मीठ. मीठ आणाल, पाणी कुठून आणणार? घरच्या पिण्याच्या आरओचं असेल तर मीटर लावून बघा. बहुतेक मशिनांत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ५० च्या वरच दिसेल. ते बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा डबा जोडा आणि शून्य आलं तरच मीठ घाला. नाहीतर जे काही नळातून येतं त्याचं शेवाळ होऊन काचेवर बसतं आणि मग लोक दिव्याला दोष देतात.

निम्म्याहून जास्त पाणी आरओ बाहेर फेकतो. ते लादी पुसायला, संडासात वापरा. एप्रिल महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना ते नाल्यात जाताना कुणी पाहिलं तर स्लॅबआधी सेक्रेटरीच कोसळेल.

अलिबागचा_आबा
एवढा उपद्व्याप कशाला? समुद्र आहे की. कॅन भरा आणि घेऊन जा. मीठ फुकट, पाणी फुकट.

टीडीएस_शून्य
आबा, किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी, बोटींचं तेल. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी क्षारता कुठल्या कुठे उतरते. आणि ३०० लिटर म्हणजे २० लिटरचे पंधरा कॅन सहाव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असली की फुकटचा समुद्र कितीला पडतो ते कळेल.

अलिबागचा_आबा
आमच्याकडे लिफ्टच नाही, त्यामुळे हा प्रश्न सुचला नाही. :)

कायदेभिरू
हॅमर-टॉर्चचा उल्लेख वाचून थांबलो. हे दगडी सांगाडा करणारे कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या गटातले सगळे कोरल २००१ पासून आहेत. सोबत काळं पोवळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. समुद्रघोडेसुद्धा तिथेच, आठवण म्हणून सांगतो. तुमचे झोआ, मश्रूम, लेदर हे त्या यादीतल्या गटांत येत नाहीत. तिथेच थांबा.

रीफ_राजा
दुकानात तर राजरोस मिळतात! मुंबईत, बंगळुरात, कुठेही जा. बाहेरच्या देशातून शेती केलेले तुकडे येतात, समुद्रातून तोडलेले नसतात. उगाच घाबरवू नका.

कायदेभिरू
मिळतात म्हणून चालतात असं नाही. दगडी कोरल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, म्हणजे बाहेरून आणायला कागद लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणीही करावी लागते. दुकानदाराकडे यातलं काय आहे ते विचारून बघा, विषय बदलतो की नाही सांगा. मी वकील आहे, मला धंदा मिळेल. पण धागाकर्त्याच्या आईंनी आधीच बरंच सोसलंय.

मालवणी_खाजा
"जिवंत खडक" म्हणान जा विकतत ना, तो पण नीट विचारून घेवा. तो पोवळ्यांचोच सांगाडो. कच्छच्या आखातातसून नायतर मन्नारातसून उचललेलो आसलो तर सरळ गुन्हो. दोन्ही सागरी राष्ट्रीय उद्यानां.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे उडी मारली की पोवळी दिसतात आणि पोवळ्यांवर उभे राहून सेल्फी काढणारे पर्यटकही दिसतात. लहानपणी आम्ही त्याला नुसतं "खडप" म्हणायचो. ते जिवंत असतं हे मला बाहेरून आलेल्या एका अभ्यासक पोरीने सांगितलं, माझ्याच गावात, माझ्याच होडीत बसून. लाज वाटली.

मत्स्यगंधा
पोवळी मुंबईतही आहेत, हे कितीजणांना माहीत आहे? कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या काही वसाहती उचलून कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर हलवल्या होत्या. वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, कारण तीच पहिली अनुसूची. म्हणजे धागाकर्ते करणार आहेत तेच काम, फक्त टाकीविना.

बोंबील_फ्राय
आणि त्यांच्या आईविना.

गिरगावकर
विषयांतराबद्दल माफी. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. आजोबा दर मे महिन्यात न्यायचे. मरीन ड्राइव्हचं ऊन अंगावर घेऊन आत शिरलं की तो थंड, काळोखा, ओला वास यायचा. मला मासे आठवत नाहीत, वास आठवतो. २०१५ ला नूतनीकरण होऊन काचेचा बोगदा झाला तेव्हा मुलीला घेऊन गेलो, तर ती माशांपेक्षा बोगद्यात लोळण्यात रमली. खारेपाणी, तुमच्या हॉलला तसा वास येतो का?

खारेपाणी
येतो! पावसाळ्यात जास्त. पाहुणे म्हणतात, "आज काय, सुकट का?"

डॉ_कट्टा
गंमत चाललीय, पण एक गंभीर मुद्दा. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. टाकी हलवताना लोक उत्साहाने खडक ब्रशने घासतात, कुणी नकोसे पॉलिप मारायला गरम पाणी ओततं, कुणी खडक चक्क उकळतं. त्या वाफेने घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं आहेत. हातमोजे आणि चष्मा घाला, खडक पाण्याबाहेर घासू नका, उकळणं तर कधीच नाही. हाताला चीर पडलेली असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

वऱ्हाडी_ठेचा
नागपुरात ४५ डिग्रीत टाकी सांभाळणाऱ्याकडून दोन शब्द. पाणी २५-२६ वर ठेवायचं. आमच्याकडे कोरडी हवा, पृष्ठभागावर पंखे सोडले तरी दोनतीन डिग्री उतरतात. ठाण्यात दमट हवेत पाणी उडतच नाही, पंखा नुसता फिरतो आन् तुमच्याकडे पाहून हसतो. ४५० लिटरला चिलर घ्याच. आन् तो कपाटात बंद करू नका. गरम हवा बाहेर गेली नाही तर स्वतःच तापते बिचारा.

आणखी एक. उडते ते पाणी, मीठ नाही. वरून भरताना साधं आरओचंच भरा. माझ्या साळ्यानं आठवडाभर खारं भरलं होतं. मासे काय बोलतात, त्यायला तोंड आहे पण आवाज नाही.

वायरमन_दादा
प्रत्येक वायर सॉकेटकडे नेण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या. पाणी वायरवरून ओघळलं तर झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही. टाकीची लाइन वेगळी, तिला आरसीसीबी (शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच आहे का ते तपासून. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे मागे अर्थिंग असतंच असं नाही, आपल्या देशात तर नाहीच. लाइट गेल्यावर वेव्हमेकर तेवढा इन्व्हर्टरवर चालू राहू द्या, पाणी हलत राहिलं की मासे तगतात.

आणि उद्घाटनाच्या दिवशी मेन स्विच मुद्दाम बंद करून बघा. पंप थांबला की वरचं पाणी संपात उतरतं. तुमच्या टाकीचा एक इंच म्हणजे जवळपास १९ लिटर. संपात तेवढी जागा रिकामी नसेल तर ते खालच्या मजल्यावरच्यांकडे जाईल.

सौ_मासेवाले
मी या विषयातली तज्ज्ञ नाही, तज्ज्ञाची बायको आहे. एकच प्रश्न. या सगळ्यात बादल्या कुणाच्या? आमच्याकडे "फक्त माशांची" म्हणून आणलेली निळी बादली दिवाळीत रांगोळीच्या पाण्याला घेतली तर घरात सुतक पाळलं गेलं. आणि माझी कपड्यांची बादली मात्र दर रविवारी वाळू धुवायला जाते.

खारेपाणी
ताई, हा प्रतिसाद आमच्या घरी वाचला गेला आहे. आठ नवीन बादल्या आणतोय.

कोकणकन्या
मी जरा उलट बोलते. तुमची मूळ अडचण काय? लेदर मोठं झालं. मग कापा ना त्याला. धारदार कात्रीने टोपीचा कडेचा भाग छाटा, तुकडे छोट्या दगडावर जाळीत बांधून ठेवा, थोड्या आठवड्यांत चिकटतात. नंतर पाण्यात टाकीसाठी मिळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन (चुलीचा कोळसा नाही) टाका, कारण कापलेलं लेदर पाण्यात विषारी रसायनं सोडतं. खर्च कात्रीचा. झोआंना उजेड मिळेल, आईंना शांती मिळेल.

१९० लिटरची टाकी कंटाळवाणी झाली म्हणून ४५० ची घेणारे मी खूप पाहिलेत. दोन वर्षांनी ती विकायला काढलेली असते, "जागा बदलल्यामुळे" असं लिहून.

खारेपाणी
हा प्रतिसाद मात्र घरी वाचून दाखवलेला नाही.

खरं सांगू का? कापायचं माझ्याही मनात आलं होतं. पण लेदर हे निमित्त आहे. मला तो गोबी मोकळा फिरताना बघायचाय. टाकीत दोन वेव्हमेकर मावत नाहीत, सगळा मैला एकाच कोपऱ्यात बसतो, आणि त्याच कोपऱ्यात त्याचं बीळ आहे. श्रिंप दिवसभर वाळू उपसून बाहेर टाकतो, संध्याकाळपर्यंत ती परत आत. चार वर्षं तेच.

ह्यूस्टनची_माई
मग घ्या मोठी. पण पिस्टल श्रिंप शेवटपर्यंत सापडणार नाही, लिहून ठेवा. त्याला जवळजवळ दिसत नाही, एक मिशी सतत गोबीला लावून बसतो. तुम्ही हात घातलात की गोबी शेपटी हलवणार आणि तो बिळाच्या तळाला जाणार.

खारेपाणी | ९ मे
झालं. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

इंजिनियर येऊन गेले. माझी ठरवलेली जागा त्यांनी रद्द केली आणि टाकी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावायला सांगितली, खाली बीम आहे. त्यामुळे सोफा हलला, टीव्ही हलला, देवघर तेवढं वाचलं. टाकी गच्चीवर दोन दिवस भरून ठेवली, एका सांध्याला पाझर होता. काचवाल्याने पुन्हा सिलिकॉन भरलं. बाथरूमचं बुरशी न धरणारं नको, साधंच हवं, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. खाली थर्माकोलची शीट, लेव्हल बघून पाणी.

नवीन पाणी आधीचे तीन दिवस ड्रममध्ये ढवळत ठेवलं होतं. क्षारता ३५, तापमान जुन्या टाकीएवढंच. पहाटे पाचला सुरुवात. आधी वरचं नितळ जुनं पाणी बादल्यांत, मग त्यात खडक, मग मासे, सगळ्यात शेवटी वाळू. क्लाउन दोन मिनिटांत जाळ्यात आले, मादी तर माझ्या बोटाला चावून आली. गोबी सापडला. श्रिंप नाही. वाळू मूठमूठ घेऊन चाळली, पिठाच्या चाळणीने. ती चाळण आता माशांची झाली आहे आणि नवीन आणलीय. माईंनी लिहिलं होतं तेच झालं. दुपारी दोनला हात टेकले आणि सगळी वाळू पोत्यात भरली.

अमोनिया तिसऱ्या दिवशी किंचित दिसला, पाचव्या दिवशी शून्य. दिवे निम्म्यावर ठेवलेत, दर आठवड्याला थोडे वाढवतोय. लेदर चार दिवस मिटून बसलं होतं, मग कात टाकून उघडलं. पण गोबी काही खाईना. नव्या वाळूत एका खडकाच्या कडेला नुसता टेकून बसायचा, बीळ नाही, काही नाही. श्रिंप गेला असं धरूनच चाललो होतो.

अकराव्या रात्री दोनच्या सुमाराला आईने हलवून उठवलं. "अरे ऊठ, टाकी तडकली! मी आवाज ऐकला." काळजात धस्स झालं. काकांचे साडेसातशे किलो डोळ्यांसमोर. टॉर्च घेऊन तसाच अनवाणी पळालो, लादीवर हात फिरवला, कोरडी. काच बघितली, सांधे बघितले. तेवढ्यात पुन्हा, स्पष्ट – टक्.

खडकाखालून आला आवाज. टॉर्च खाली धरला तर गोबी ज्या कडेला रोज टेकायचा तिथे वाळूचा छोटा ढीग, आणि ढिगातून बाहेर आलेली एक लाल मिशी. गोबीच्या शेपटीवर. खडकाच्या पोकळीत बसून आला होता गडी, मी वाळू चाळत असताना हा बादलीत खडकाच्या आत.

आईला सांगितलं की कोळंबीने चिमटा वाजवला. ती म्हणाली, "एवढ्याशा कोळंबीचा एवढा आवाज? मग झोपा आता, मी बसते बघत."

बोंबील_फ्राय
मी कोळंबी सोडली. आजपासून फक्त बोंबील.

मालवणी_खाजा
माझ्या होडयेत बसून रात्री ऐकलास तर खडपातसून तसोच तडतड आवाज येता. लाह्या फुटल्यासारखो.

सौ_मासेवाले
आठ बादल्यांचं पुढे काय झालं?

खारेपाणी
सहा माशांच्या. दोन आईने उचलल्या.

स्लॅबवाले_काका
अभिनंदन. पाणी भरून पंधरा दिवस झाले ना, मग स्टँडची लेव्हल पुन्हा एकदा बघा. चारही कोपऱ्यांत पाण्याची रेघ काठापासून सारखी आहे का ते मोजपट्टीने, नुसत्या डोळ्यांनी नको. आणि आकडे इथे टाका.